स्टुडबेकर कामगारांनी बुडवली का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

अमेरिकेतल्या साउथ बेंड शहरात गाड्या बनवणाऱ्या स्टुडबेकर कंपनीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आधी मनापासून आभार. उत्तराला चार दिवस लागले, कारण तुमच्या एका आक्षेपामुळे मला माझा लेख पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागला.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तुम्ही पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या कारखान्यांत तीस वर्षं कामगार-व्यवस्थापन संबंधांचं काम केलंत, कितीतरी करारांच्या वाटाघाटींना बसलात. तुम्ही लिहिता की मी युनियनला मोकळं सोडलं. अवाच्या सवा मजुरीने ही कंपनी मारली आणि ‘गिरणगावात जे झालं तेच साउथ बेंडमध्ये झालं’. पुढे विचारता की स्टुडबेकरची अवांती गाडी एवढी सुंदर होती तर ती खपली का नाही. आणि शेवटी माझी चूक दाखवता: ‘१९६६ साली स्टुडबेकर कंपनी बुडाली’ हे माझं वाक्य खोटं आहे, कंपनी त्यानंतरही चालू होती.

शेवटच्या मुद्द्यावर तुम्ही पूर्ण बरोबर आहात. मी चुकलो. पण ती चूक दुरुस्त करून सगळा हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा तुमचा पहिला आक्षेप मला आणखीच पटेनासा झाला. कसा, ते सांगतो.

मजुरीचं आधी बोलू, कारण तिथे तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी ते लेखात पुरेसं लिहिलं नव्हतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत गाड्यांची इतकी टंचाई होती की जे चार चाकांवर उभं राहील ते विकलं जात होतं. स्टुडबेकरने १९४७चं पूर्णपणे नवं मॉडेल बाकीच्या मोठ्या कंपन्यांच्या आधी बाजारात आणलं. जनरल मोटर्स, फोर्ड, क्रायसलर तेव्हा युद्धापूर्वीचेच साचे थोडेफार बदलून वापरत होत्या. अशा वेळी लाइन एक दिवस बंद पडली तर नुकसान मोठं. म्हणून व्यवस्थापनाने मागेल ते दिलं. साउथ बेंडमध्ये मजुरी मोठ्या कंपन्यांच्या डेट्रॉइटपेक्षा चढी राहिली, कामाचा वेग मात्र कमी. सेवाज्येष्ठतेचे नियम असे होते की एका विभागात कपात झाली की तिथला माणूस दुसऱ्या विभागातल्या कनिष्ठाची जागा घेई, तो तिसऱ्याची, आणि दहा माणसं कमी करताना कितीतरी जास्त माणसं इकडची तिकडे होत. नव्या जागेवर हात बसेपर्यंत उत्पादन मंदावायचं. हे सगळं खरं आहे. त्या करारांवर सही मात्र दोघांची होती, एवढं तुम्हीही मान्य कराल.

आता १९५४चा उन्हाळा घ्या. विक्री कोसळली होती. व्यवस्थापनाने युनियनपुढे पगारकपातीचा प्रस्ताव ठेवला. कामगारांनी तो आधी फेटाळला, मग ऑगस्टमध्ये पुन्हा मतदान घेऊन स्वीकारला. स्वतःचा पगार स्वतःच्या मताने कमी करून घेणारी ही माणसं. तीस वर्षांत तुम्ही असं मतदान किती वेळा पाहिलंत? मजुरी हेच मरणाचं कारण असतं तर इथून पुढे तब्येत सुधारायला हवी होती. ती सुधारली नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महागड्या गाड्या बनवणाऱ्या पॅकार्ड कंपनीने स्टुडबेकर विकत घेतली. पॅकार्डच्या लोकांनी व्यवहाराआधी हिशेब नीट तपासले नव्हते. नंतर तपासले तेव्हा दिसलं की स्टुडबेकरला ना नफा ना तोटा या रेषेवर येण्यासाठी वर्षाला सुमारे २,८२,००० गाड्या विकायला हव्या होत्या, आणि १९५४ मध्ये गेल्या होत्या जेमतेम ८२,०००. मजुरी कमी करून ही दरी बुजत नाही. ती मजुरीची दरी नव्हतीच. एका गाडीच्या पत्र्यांचे डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बनवायला जो खर्च येतो तो वर्षाला दहा लाख गाड्या काढणाऱ्यालाही तेवढाच आणि ऐंशी हजार काढणाऱ्यालाही तेवढाच. जनरल मोटर्सची शेवरले तो खर्च गाडीमागे चिल्लर म्हणून वाटून टाकू शकत होती, स्टुडबेकरला मात्र तो किंमतीतच घालावा लागे.

त्यात १९५३ साली स्वतःच्या हाताने घोटाळा करून ठेवला. डिझायनर रेमंड लोवीच्या स्टुडिओत रॉबर्ट बर्क यांनी केलेली त्या वर्षीची कूपे (दोन दारांची गाडी) आजही अमेरिकेतल्या सर्वात देखण्या गाड्यांमध्ये गणली जाते. ठेंगणी, लांब, जादा क्रोम नाही. कंपनीने मग त्याच तोंडावळ्याची सेडानही काढली, पण आखूड चासीवर (गाडीच्या खालच्या सांगाड्यावर), आणि ती करताना कूपेचा मोहकपणा पार हरवला. दोन्हींचे बाहेरचे पत्रे जवळजवळ वेगळे, म्हणजे डायचा खर्च दुप्पट. लाइनवर कूपे जोडायला घेतल्यावर कळलं की इंजिनाचं वजन पडताच चासी पुढून लवते आणि बॉनेट-फेंडर जुळत नाहीत. त्यात महिने गेले. शिवाय सेडानच जास्त खपेल असं धरून कारखान्याने तयारी केली होती, आणि गिऱ्हाईक मागत होतं कूपे! मागणी असलेली गाडी हाताशी नाही, हाताशी असलेली गाडी कुणाला नको. नेमकं त्याच सुमारास फोर्ड आणि शेवरलेचं पहिल्या क्रमांकासाठी युद्ध पेटलं. दोघांनी आपापल्या डीलरांकडे न मागितलेल्या गाड्या ढकलल्या, डीलरांनी त्या मिळेल त्या भावाला विकल्या. त्या दोन हत्तींना एकमेकांचं फारसं काही करता आलं नाही. पायाखाली गेल्या त्या नॅश, हडसन, पॅकार्ड आणि स्टुडबेकर या लहान कंपन्या.

आणि कारखाना? साउथ बेंडच्या शहरवस्तीतल्या जुन्या बहुमजली इमारती. युद्धानंतरच्या सुकाळात जो पैसा आला त्यातून सपाट, एकमजली, नवा कारखाना उभा राहू शकला असता. त्याऐवजी भागधारकांना सढळ हाताने लाभांश वाटला गेला. ही खोड जुनी होती. १९२९च्या मंदीनंतर अध्यक्ष आल्बर्ट अर्स्किन यांनी नफ्यापेक्षा कितीतरी जास्त लाभांश वाटला, १९३३च्या मार्चमध्ये कंपनी न्यायालयाच्या ताब्यात गेली आणि त्याच जुलैत अर्स्किन यांनी आत्महत्या केली. तिथून कंपनी वर काढली ती हॅरल्ड व्हान्स आणि पॉल हॉफमन यांनी. (हे हॉफमन पुढे युद्धात उद्ध्वस्त झालेल्या युरोपला मदत करणाऱ्या अमेरिकेच्या मार्शल योजनेचे प्रमुख झाले आणि मग फोर्ड फाउंडेशनचे अध्यक्ष. त्यांच्याच कारकिर्दीत फाउंडेशनचं परदेशातलं पहिलं कार्यालय १९५२ साली दिल्लीत उघडलं. साउथ बेंडचा एक धागा असा आपल्यापर्यंत येतो.)

गिरणगावाची तुलना तुम्ही काढलीत म्हणून तेवढ्यापुरतंच लिहितो. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला त्याच्या बऱ्याच आधीपासून अनेक गिरण्यांतले माग जुनाट झाले होते आणि नफा यंत्रांत परत जात नव्हता. संपाची चर्चा आपण चाळीस वर्षं करतो आहोत, त्या न झालेल्या गुंतवणुकीची फारच कमी. तुलना करायचीच तर मला ती इथे दिसते.

अवांतीचं आता. खपली का नाही? बनलीच नाही म्हणून. १९६१च्या सुरुवातीला शेरवूड एग्बर्ट अध्यक्ष झाले. त्यांनी लोवीना बोलावलं, लोवीनी तीन सहकाऱ्यांना घेऊन पाम स्प्रिंग्जच्या एका घरात काही आठवड्यांत आराखडा केला आणि १९६२च्या एप्रिलमध्ये गाडी लोकांपुढे आली. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, हवा असल्यास इंजिनाची ताकद वाढवणारा सुपरचार्जर, समोर ठळक जाळी नाही, आणि बॉडी फायबरग्लासची, कारण पत्र्याच्या डायला ना पैसा होता ना वेळ. लोकांनी बुकिंग केलं. पण ओहायोतल्या पुरवठादाराकडून आलेले बॉडीचे भाग एकमेकांना बसेनात. महिने गेले, गिऱ्हाइकांनी बुकिंग रद्द करून दुसऱ्या गाड्या घेतल्या. शेवटी एकूण ४,६४३ अवांती बनल्या. तुम्ही म्हणता मी तिच्याबद्दल भावुक होऊन लिहिलं. होय, आणि ते मी बदलणार नाही. मरणपंथाला लागलेल्या कारखान्यात, हातात काही नसताना, चार माणसांनी अशी गाडी कागदावर उतरवावी, याचं मला फार वाटतं.

पण अवांतीपेक्षा लार्कची गोष्ट जास्त बोलकी आहे आणि मी ती लेखात दोन ओळींत उरकली, हे बरोबर झालं नाही. १९५९ची लार्क म्हणजे जुन्याच सेडानचं मधलं धड ठेवून पुढचं-मागचं कापलेली छोटी गाडी. ती धडाक्यात खपली आणि कित्येक वर्षांनी कंपनीला मोठा नफा झाला. त्या तीन मोठ्या कंपन्यांकडे तेव्हा छोटी गाडी नसल्यामुळे त्यांच्याच कितीतरी डीलरांनी लार्कची एजन्सी घेतली होती. १९६०च्या मॉडेलांत फोर्डची फाल्कन, शेवरलेची कॉर्व्हेअर, क्रायसलरची व्हॅलियंट आली. डीलरांनी लार्क सोडून दिली. खरा प्रश्न असा की लार्कने कमावलेलं कुठे गेलं? थोडं नव्या गाड्यांत गेलं. पण संचालक मंडळाचं मन आता दुसरीकडे लागलं होतं. इंजिन ऑइलमध्ये घालायचं एसटीपी, ग्रेव्हली ट्रॅक्टर, ओनान जनरेटर, फरशी घासायची यंत्रं बनवणारी क्लार्क, अशा एकेक कंपन्या विकत घेणं सुरू झालं. जुना साठलेला तोटा या नव्या नफ्यासमोर दाखवून कर वाचवता येत होता.

इथे तुमची दुरुस्ती येते. ९ डिसेंबर १९६३ला साउथ बेंडमधलं गाड्यांचं उत्पादन बंद करण्याची घोषणा झाली. २० डिसेंबरला, नाताळाच्या तोंडावर, शेवटची गाडी लाइनवरून उतरली. कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये आणखी दोन वर्षं थोड्याशा गाड्या निघाल्या, शेवटी तर जनरल मोटर्सकडून घेतलेल्या इंजिनांवर, आणि मार्च १९६६ मध्ये तेही थांबलं. कंपनी मात्र धडधाकट होती. १९६७ साली तिचं वर्दिंग्टन या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीबरोबर विलीनीकरण होऊन स्टुडबेकर-वर्दिंग्टन झाली. मी ‘बुडाली’ लिहिलं आणि त्यामुळे नकळत एक गोष्ट झाकली गेली: बुडाली ती गाडी. भागधारक दुसऱ्या नावेत चढले होते.

कामगारांसाठी दुसरी नाव नव्हती. १९५० मध्ये युनियनने पेन्शन मिळवली होती. पुढच्या करारांत तिची रक्कम वाढत गेली, पण जुन्या सेवेपोटी भरायचे पैसे तीस वर्षांत थोडेथोडे भरायचे होते. चौदाव्या वर्षी कारखाना बंद झाला. जे निवृत्त होते किंवा निवृत्तीच्या वयाला साठीत पोचले होते अशा सुमारे ३,६०० जणांना पूर्ण पेन्शन मिळाली. चाळीस ते एकोणसाठ वयाच्या, किमान दहा वर्षं नोकरी झालेल्या सुमारे ४,००० जणांना हक्काच्या एका डॉलरमागे १५ सेंटच्या आसपास मिळाले, तेही एकरकमी. या गटाचं सरासरी वय होतं ५२ आणि सरासरी नोकरी २३ वर्षं. उरलेल्या सुमारे २,९०० जणांना काही नाही. ही तीच कंपनी, जिच्या जाहिरातींत कारखान्यात शेजारी शेजारी काम करणाऱ्या बापलेकांचे फोटो छापलेले असत.

या घटनेचा दाखला पुढे दहा वर्षं अमेरिकेच्या संसदेत दिला गेला आणि २ सप्टेंबर १९७४ला, त्यांच्या कामगारदिनी, खासगी पेन्शनला संरक्षण देणारा एरिसा कायदा झाला. पेन्शनचा विमा उतरवणारं सरकारी महामंडळ त्यातून आलं. साउथ बेंडच्या त्या ४,००० जणांना त्याचा उपयोग नव्हता, कायदा पुढच्यांसाठी होता.

माझे काका ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात होते. गेटवर नोटीस लागली तेव्हा त्यांचं वय होतं ५१. भविष्यनिर्वाह निधी कारखान्याच्या तिजोरीबाहेर होता म्हणून धाकट्या बहिणीचं शिक्षण झालं. त्या वयात नवी नोकरी शोधणारा माणूस घरी संध्याकाळी कसा बसतो ते मी पाहिलेलं आहे. ‘सरासरी वय ५२’ हा आकडा मला म्हणूनच नुसता आकडा म्हणून वाचता येत नाही.

मूळ लेखात आता दोन बदल केले आहेत. ‘कंपनी बुडाली’ हे वाक्य काढलं आहे आणि तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून तिथे विलीनीकरणाचं लिहिलं आहे. मजुरी आणि सेवाज्येष्ठतेच्या नियमांवर एक परिच्छेद वाढवला आहे. ‘युनियनने मारली’ असं मात्र मी लिहिणार नाही. तुमच्याकडच्या करारांत असे बदलीचे नियम कसे सुटले, हे तुम्ही सविस्तर लिहिलंत तर मी ते इथे स्वतंत्र लेख म्हणून, तुमच्या परवानगीने, जसंच्या तसं छापेन.