विमानप्रवासात प्रवाशाच्या बाजूचे नियम कुणी सांगायचे?

विमानतळाच्या दारात पाऊल ठेवल्यापासून आपल्याला सूचनांवर सूचना ऐकवल्या जातात. बेल्ट काढा, लॅपटॉप ट्रेमध्ये ठेवा, रांगेत या, पट्टा बांधा, खिडकीचं शटर वर करा. ‘तुमच्या विमानाला दोन तासांहून जास्त उशीर आहे, तेव्हा तुमच्या खाण्यापिण्याची सोय आम्ही करायची आहे, काउंटरवर या’ अशी घोषणा मात्र मी अजून एकदाही ऐकलेली नाही. आणि माझा व्यवसायच विमान तिकिटांचा आहे.

सांगलीत माझं बुकिंगचं ऑफिस आहे. मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या आया, पहिल्यांदा विमानात बसणारे आजोबा, नोकरीच्या मुलाखतीला दिल्लीला जाणारी पोरं असे सगळे येतात. तिकीट पाच मिनिटांत होतं, प्रश्नांना अर्धा तास लागतो. बहुतेक जण आवाज खाली आणून विचारतात, ‘ताई, एक अडाणी प्रश्न विचारू का?’ त्यातला एकही प्रश्न अडाणी नसतो. नियम कानावर घातला जातो, त्यामागचं कारण कुणी सांगत नाही, म्हणून तो प्रश्न पडलेला असतो. आणि जे प्रश्न विचारल्याने प्रवाशाच्या हातात खरोखर काही पडेल, ते कुणी विचारतच नाही, कारण असा नियम आहे हेच ठाऊक नसतं. मला राग येतो तो याचा.

खोबऱ्याचंच घ्या. आपल्याकडे लेकीकडे जाताना सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत गेल्याच पाहिजेत. बॅग चेक-इनला देऊन माणूस निवांत गेटवर बसतो आणि तेवढ्यात नावाचा पुकारा होतो. परत बोलावून बॅग उघडायला लावतात. साड्यांच्या घडीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या वाट्या एकेक करून बाहेर काढून टेबलावर ठेवल्या जातात. मागे माणसं बघत असतात, बाईंचा चेहरा पडतो. कारण विचारलं तर उत्तर येतं, ‘अलाऊड नाही.’ एवढंच. खरं कारण सांगायला अर्धं मिनिटही लागत नाही: सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांच्या आसपास तेल असतं आणि कोंदट जागेत ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत त्याची नोंद स्वतःहून पेटू शकणाऱ्या पदार्थांत आहे. हे मी तिकीट देतानाच सांगते. कारण कळलं की एकही बाई वाद घालत नाही. त्या घरीच खोबरं किसून, भाजून लाडवात घालतात. डिंकाचे लाडू घेऊन गेलेल्या माझ्या गिऱ्हाइकांना आजवर कुणी अडवलेलं नाही.

पॉवर बँकेचं याच्या बरोबर उलट. ती विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत चालत नाही, जवळच ठेवावी लागते. लोकांना हे विचित्र वाटतं: ‘धोक्याची वस्तू आहे तर माणसांजवळ कशी?’ प्रश्न अगदी रास्त आहे. लिथियमची बॅटरी बिघडून तापायला लागली की ती स्वतःच स्वतःला पेटवत जाते. माणसांजवळ असेल तर धूर लगेच दिसतो आणि केबिन क्रू पाणी ओतून ती थंड करू शकतात. विमानाच्या पोटात हात पोचत नाही. मर्यादा १०० वॉट-अवरची आहे (बॅटरीत किती वीज साठते त्याचं हे माप). १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्यापुढे नेताच येत नाही. नेहमीची २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-अवरची असते, ती चालते. फक्त तिच्यावरचा छापील आकडा पुसला गेलेला नसावा, नाहीतर सुरक्षारक्षक ती ठेवून घेऊ शकतात.

१२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं. आत असलेल्या २४२ जणांपैकी एकच माणूस वाचला, ११ए या सीटवरचा. त्यानंतर कितीतरी लोक माझ्याकडे ११ए मागायला लागले. आई-वडिलांसाठी मागताना मुलांचा आवाज कापायचा. अशा माणसाला ‘तसं काही नसतं हो’ म्हणून वाटेला लावणं मला जमत नाही. मी स्क्रीनवर सीटचा नकाशा काढून दाखवते. त्या बोइंग ७८७ मध्ये ती सीट आपत्कालीन दाराला लागून होती. दुसऱ्या बनावटीच्या विमानात ११ए दारापासून लांबही असू शकते, कारण आकडा तोच राहिला तरी जागा बदलते. वाचवणारी अशी कुठलीच ठरलेली सीट नाही. मग काय करायचं? बसल्यावर पुढचं आणि मागचं दार आपल्यापासून किती रांगा लांब आहे ते मोजून ठेवायचं, धुरात दिसत नाही, तेव्हा मोजलेलं कामाला येतं. उतरताना दिवे मंद करतात ते डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून. शटर उघडं ठेवायला लावतात ते बाहेर कुठल्या बाजूला आग आहे हे दिसावं म्हणून. निम्मीच दारं वापरून दीड मिनिटात पूर्ण विमान रिकामं होऊ शकतं, हे दाखवल्याशिवाय विमानाला परवानगी मिळत नाही. तुमचा ट्रे उघडा राहिला किंवा बॅग पायात आली तर त्या दीड मिनिटातला वेळ जातो. हे सगळं विमानात नीट मराठीतून, हिंदीतून सांगितलं तर शटर वर करा म्हणून कुणाला दोनदा सांगावं लागणार नाही.

विमान हलायला लागलं की पडेल का, हा दुसरा हमखास प्रश्न. विमान असल्या हलण्याने मोडत नाही. माणसं जखमी होतात ती पट्टा न बांधल्यामुळे. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेलं सिंगापूर एअरलाइन्सचं विमान म्यानमारच्या आकाशात अचानक जोरात हादरलं. एका प्रवाशाचा जीव गेला, कित्येक जण छताला आपटले, पण विमान बँकॉकला सुखरूप उतरलं. म्हणून पट्ट्याचा दिवा विझला तरी बसलेलं असताना पट्टा सैलसर का होईना, बांधलेलाच ठेवा.

कानाचं थोडक्यात सांगते. उडताना केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांवर असते तेवढी विरळ असते. कळसूबाईची उंची ५,४०० फूट आहे, म्हणजे आपण तिच्याहून वरच बसलेले असतो. उतरताना दाब पुन्हा वाढतो आणि कानात दडे बसतात. तान्ह्या बाळाला विमान खाली यायला लागल्यावर पाजा, गिळण्याने कान मोकळे होतात. बाळ उड्डाणाआधीच पोट भरून झोपलं तर उतरताना रडून आकांत करतं.

आता जे कुणी विचारत नाही, त्याकडे येते.

विमानाला उशीर झाला तर काय मिळतं? डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे: अडीच तासांपर्यंतचा प्रवास असेल आणि उशीर दोन तासांहून जास्त असेल, तर विमान कंपनीने खाण्यापिण्याची सोय करायची. पुणे-दिल्ली, मुंबई-दिल्ली याच गटात येतं. प्रवास अडीच ते पाच तासांचा असेल तर तीन तासांनंतर, त्याहून लांबचा असेल तर चार तासांनंतर. देशांतर्गत विमानाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान घ्यायचं की सगळे पैसे परत, ही निवड तुमची. रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेतलं विमान सहा तासांहून जास्त लांबलं तर हॉटेलचीही सोय. वेळेत चेक-इन केलेलं असलं पाहिजे. हवामान, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना सूट आहे. म्हणूनच उशिराचं कारण विचारा आणि ते मेसेजवर किंवा ईमेलवर मागा. तोंडी ‘ऑपरेशनल रीझन’ ऐकून परत फिरू नका.

विमान रद्द झालं आणि ते तुम्हाला उड्डाणाला चोवीस तासांहून कमी वेळ उरलेला असताना कळवलं, तर पर्यायी विमान किंवा परतावा तर मिळतोच, वर भरपाईही आहे. एक तासापर्यंतच्या प्रवासाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. तिकीट पक्कं, तुम्ही वेळेवर हजर, तरी जागा नाही म्हणून मागे ठेवलं तर त्याला डिनाइड बोर्डिंग म्हणतात. मूळ वेळेपासून एका तासाच्या आत दुसरं विमान दिलं तर काही नाही. चोवीस तासांच्या आत दिलं तर भाड्याच्या दुप्पट, १०,००० रुपयांपर्यंत. त्याहून उशिरा दिलं तर चौपट, २०,००० रुपयांपर्यंत. हे आकडे फोनमध्ये लिहून ठेवा.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली ते आठवत असेल. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली आणि तेवढे वैमानिक वेळापत्रकात बसले नाहीत. थकलेल्या वैमानिकाने विमान चालवू नये हे शंभर टक्के बरोबर आहे, आणि नियम येणार हे कंपन्यांना आधीपासून माहीत होतं. त्या आठवड्यात माझ्याकडे आलेल्या फोनवर जवळजवळ प्रत्येकाचा प्रश्न एकच होता, ‘पुढचं विमान कधी?’ पैसे परत मिळतील का, आईला रात्रभर खुर्चीत बसवायचं की हॉटेल मिळेल, हे मलाच पुढे होऊन सांगावं लागत होतं.

सीटचे पैसे हा असाच विषय. वेब चेक-इन करताना स्क्रीनवर बहुतेक सीटपुढे किंमत दिसते आणि माणसाला वाटतं पैसे भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. जाता येतं. सीट निवडू नका, काउंटरवर तुम्हाला फुकट सीट मिळते, फक्त कुठली ते कंपनी ठरवते. मूल बारा वर्षांच्या आतलं असेल तर एकाच पीएनआरवरच्या (बुकिंग नंबरवरच्या) आई किंवा वडिलांपैकी एकाशेजारी त्याला बसवा, असा डीजीसीएचा एप्रिल २०२४ चा आदेश आहे. तेवढ्यासाठी पैसे भरू नका.

‘नॉन-रिफंडेबल’ तिकीट रद्द करायचं झालं तर लोक ते सोडूनच देतात. मूळ भाडं जातं हे खरं, पण सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत द्यावंच लागतं. स्वस्तातल्या तिकिटात हा भाग छोटा नसतो. नावाचं स्पेलिंग चुकलं असेल तर तिकीट काढल्यापासून चोवीस तासांत कंपनीला कळवा, कंपनीच्या वेबसाइटवरून काढलेल्या तिकिटावर त्याच माणसाच्या नावाची दुरुस्ती फुकट आहे.

सामान पट्ट्यावर आलं नाही तर त्या हॉलमधून बाहेर पडायच्या आधी तक्रार नोंदवून पीआयआर नंबर, म्हणजे त्या तक्रारीचा नोंद क्रमांक, घ्या. परदेश प्रवासात बॅग फुटली असेल तर सात दिवसांत, उशिरा मिळाली असेल तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी कळवावं लागतं. मुदत चुकली की हक्क गेला.

आणि व्हीलचेअर. याच्याबद्दल मी प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या मुलाला अगदी बजावून सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला उतरलेल्या ऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांना व्हीलचेअर मिळाली नाही. बायकोला मिळाली, तिच्याबरोबर ते चालत निघाले आणि इमिग्रेशनजवळ कोसळून गेले. डीजीसीएने एअर इंडियाला तीस लाखांचा दंड केला. दोघांची मागणी असेल तर तिकिटात दोघांच्याही नावापुढे ती नोंदवा, निदान ४८ तास आधी. उतरल्यावर खुर्ची आली नसेल तर विमानातल्या सीटवरच बसून राहा. ‘जवळच आहे, चला’ म्हटलं तरी उठू नका. आपल्या पिढीच्या आई-वडिलांना दुसऱ्याला त्रास द्यायचा संकोच असतो, आणि नेमका तोच संकोच जीवावर बेततो. ज्यांना चालता येतं त्यांनीही रांग चुकवायला व्हीलचेअर मागणं कृपा करून थांबवा. खुर्च्या आणि ढकलणारी माणसं मोजकीच असतात.

माझी मागणी साधी आहे. पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर, प्रत्येक विमानतळावर चेक-इन काउंटरशेजारी हे उशिराचे तास आणि भरपाईचे आकडे मोठ्या अक्षरात मराठीतून लावा. जेवढा मोठा फलक कात्री-चाकूच्या चित्रांचा असतो, तेवढाच मोठा. उशिराची घोषणा कराल तेव्हा नाश्ता कुठे मिळणार तेही त्याच घोषणेत सांगा. तोवर हे काम आपणच करायचं. काउंटरवर ऐकलं नाही तर एअरसेवा या सरकारच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. बोर्डिंग पास, मेसेज, बिलं, सगळ्याचे फोटो जपून ठेवा, त्याशिवाय तक्रार उभी राहत नाही.

जाता जाता, या महिन्यात सगळ्यात जास्त विचारलेलं. तिकिटावर ‘गोवा’ एवढंच वाचून निघू नका, विमानतळाचा तीन अक्षरी कोड पाहा. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा, आणि दोन्हींच्या मध्ये रस्त्याने तासाभराहून जास्त अंतर आहे. सावंतवाडी, बांद्याकडच्यांनी मोपाच घ्या. मुंबईचंही आता तसंच झालंय: बीओएम असेल तर टर्मिनल एक की दोन ते पाहा, एनएमआय असेल तर ते नवी मुंबई, २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झालेलं. सांगलीहून रात्रीच्या गाडीने निघणाऱ्यांनी ड्रायव्हरला हे निघतानाच सांगा. तुमचे आणखी प्रश्न खाली लिहा, रात्री ऑफिस बंद केल्यावर एकेकाला उत्तर देते.