टीएसएच वाढला म्हणजे ‘थायरॉईड वाढला’ असं नाही

मावशीने आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि चौथ्या दिवशी कळलं, मामीने तिची थायरॉईडची रोजची गोळी बंद केली आहे. म्हणून हे लिहिते आहे. मेसेज म्हणतो: टीएसएच (थायरॉईडसाठी रक्तात तपासतात तो आकडा) ४.५ च्या वर गेला की अंगात थायरॉईड जास्त झाला, लगेच गोळी सुरू करा. आकडा नॉर्मल आला की आजार गेला, गोळी सोडा. फक्त टीएसएच पुरे, बाकीच्या तपासण्या म्हणजे लॅबचा धंदा.

पहिलं म्हणणं तर सरळ उलटं आहे. टीएसएच गळ्यातल्या ग्रंथीत तयार होत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी तो सोडते आणि त्यातून थायरॉईडला सांगते, काम वाढव. ग्रंथी कमी पडू लागली की टीएसएच चढतो. म्हणजे टीएसएच जास्त असेल तर बहुतेक वेळा थायरॉईडचं हार्मोन कमी पडत असतं.

मग ४.५ ओलांडला की लगेच गोळी? इथे फ्री टी-४, म्हणजे थायरॉईडने बनवलेलं हार्मोन रक्तात किती आहे, ते बघावंच लागतं. टीएसएच वर आणि फ्री टी-४ खाली असेल तर उपचार हवेतच. पण टीएसएच पाच-सहा आणि फ्री टी-४ व्यवस्थित, असे रिपोर्ट खूप येतात. त्यातले कितीतरी दोन-तीन महिन्यांनी तपासलं तर आपोआप नॉर्मल निघतात. मोठ्या आजारातून उठतानाही टीएसएच काही काळ चढतो. वयाबरोबर तो थोडा वाढतोच, सत्तरीच्या पुढे सहा आला म्हणून घाबरून जायचं कारण नाही. युरोपात ६५ च्या पुढच्या ७३७ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले: अशा सौम्य वाढीत गोळी घेणाऱ्यांचा थकवा न घेणाऱ्यांपेक्षा कमी झाला नाही. उलट गरजेपेक्षा जास्त डोस झाला तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडं ठिसूळ होतात. टीएसएच दहाच्या वर असेल किंवा बाई गरोदर असेल, तर मात्र थांबून बघत बसू नये.

‘फक्त टीएसएच पुरे’ हेही धोक्याचं. पिट्युटरीच बिघडली असेल तर टी-४ घसरूनही टीएसएच नॉर्मल दिसू शकतो. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबमध्ये आवर्जून सांगा. काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटाच कमी आणि टी-४ खोटाच जास्त येतो, आणि धडधाकट माणूस कागदावर हायपरथायरॉईडचा, म्हणजे थायरॉईड हार्मोन जास्त झाल्याचा, पेशंट होतो. तपासणीआधी निदान दोन दिवस त्या बंद ठेवायला सांगतात.

सगळ्यात राग येतो तो ‘नॉर्मल आला, गोळी सोडा’ याचा. अहो, तो नॉर्मल आला गोळीमुळे! गोळीतला टी-४ रक्तात निम्मा व्हायलाच साधारण आठवडा लागतो, म्हणून सोडल्यावर सुरुवातीला काहीच जाणवत नाही आणि मेसेज खरा वाटतो. बाळंतपणानंतर बिघडलेला थायरॉईड पुष्कळदा सावरतो आणि गोळी सुटतेही. पण ती डॉक्टर सोडवतात, रिपोर्ट बघत बघत.

मामीने डॉक्टरांशी बोलून कालपासून गोळी पुन्हा सुरू केली. सकाळी उपाशीपोटी, चहा अर्ध्या-एक तासाने, कॅल्शियमची गोळी चार तासांनी. सहा आठवड्यांनी टीएसएच आणि फ्री टी-४ दोन्ही करायचे आहेत. त्या दिवशीची गोळी रक्त देऊन झाल्यावर.