होवाले उजवीकडे, नकोवाले डावीकडे

ब्रिटनची संसद टीव्हीवर बघायची असेल तर वही आणि पेन्सिल घेऊन बसावं. पेन्सिलच, कारण खोडावं फार लागतं. २०१९ साली ज्यांनी ज्यांनी ब्रेक्झिटचा, म्हणजे ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या प्रकरणाचा, पाठपुरावा केला त्यांचं राज्यशास्त्र किती सुधारलं ठाऊक नाही, पण वजाबाकी पक्की झाली असणार.

गणित असं. खासदार ६५०. त्यांतून शिन फेन या उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडून आयर्लंडला जोडू पाहणाऱ्या पक्षाचे ७ वजा. ते निवडून येतात, पण राजाच्या (तेव्हा राणीच्या) निष्ठेची शपथ घ्यायची नाही म्हणून सभागृहात बसतच नाहीत. सभापती आणि तीन उपसभापती मत देत नाहीत, ४ गेले. मतं मोजणारे दोन्ही बाजूंचे दोन-दोन, आणखी ४. उरले ६३५. म्हणजे ३१८ जमले की मैदान मारलं.

मत द्यायला बटण नाही. घंटा वाजते आणि आठ मिनिटांत दालनांची दारं बंद होतात. होवाले सभापतींच्या उजव्या हाताच्या दालनात, नकोवाले डाव्या. तिथून चालत बाहेर पडताना एकेक डोकं मोजतात. एका मतदानाला पाव तास धरा. सभागृहात बसायची जागा सव्वाचारशेच्या आसपास, त्यामुळे महत्त्वाच्या रात्री तृतीयांश लोकशाही गणपतीतल्या कोकणच्या एसटीसारखी उभ्यानंच.

तर १५ जानेवारी २०१९ च्या रात्री पंतप्रधान थेरेसा मेबाईंचा, युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या अटींचा ५८५ पानी करार मतदानाला आला. हो २०२, नको ४३२. बेरीज करून पाहा, ६३४. म्हणजे ६३५ पैकी एकच गडी गैरहजर. फरक २३०, सरकारचा एवढा मोठा पराभव त्या सभागृहानं पाहिलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याच सभागृहात त्याच सरकारवर अविश्वास ठराव आला, तो १९ मतांनी पडला. तुमचं काही पटत नाही, पण तुम्ही राहा!

१२ मार्चला तोच करार थोडी रंगसफेदी करून पुन्हा आला आणि १४९ मतांनी पडला. तिसऱ्या खेपेची तयारी चालू असताना सभापती जॉन बर्को यांनी १६०४ सालचा दाखला काढला: तोच प्रश्न त्याच अधिवेशनात पुन्हा विचारता येणार नाही. १६०४! शिवाजी महाराजांच्या जन्माआधी २६ वर्षं. मग सरकारनं कराराला जोडलेला २६ पानी राजकीय जाहीरनामा बाजूला काढला आणि हा प्रश्न आता वेगळा आहे असं सांगितलं. २९ मार्चला तोही पडला, ५८ मतांनी. खरं तर त्याच दिवशी रात्री अकराला देश बाहेर पडायचा होता. २३०, १४९, ५८. आधी ८१ ची सुधारणा, मग ९१ ची. आपल्याकडचा कुठलाही त्रैराशिकवाला सांगेल की चौथ्या खेपेला करार ३३ मतांनी पास होता. बाईंनी मे महिन्यात राजीनाम्याची तारीख सांगितली आणि गणित अर्धवट राहिलं.

हे नको तर मग काय हवं, असा साधा प्रश्न संसदेनं २७ मार्चला स्वतःलाच विचारला. आठ पर्याय, छापील कागद, प्रत्येकापुढे हो की नको. आठही नापास. १ एप्रिलला (तारीख मी निवडलेली नाही) चार पर्याय पुन्हा ठेवले. चारही नापास, त्यांतला सीमाशुल्क संघाचा (म्हणजे जकात युरोपशी एकच ठेवायची) २७३ विरुद्ध २७६ असा. दोघांनी खूण बदलली असती तर भागलं असतं. सोसायटीच्या वार्षिक सभेला नेमानं जाणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. लिफ्ट बदलायची यावर एकमत असतं. कुठली, कितीची आणि तळमजल्यावाल्यांनी पैसे द्यायचे का, इथं मोडतं. साम्य इतकं पुरं की तीन दिवसांनी सभागृहाच्या छतातून पाणी गळू लागलं आणि बैठक थांबवावी लागली.

माझ्या मते दोष २३ जून २०१६ च्या सार्वमताच्या मतपत्रिकेचा. राहायचं की निघायचं, एवढंच तिच्यावर होतं. ५१.९ टक्के निघा म्हणाले. कुठल्या दारानं, ते विचारलंच नव्हतं. (मत कोणाला होतं हेही गमतीचं. नागपूरहून जाऊन लंडनमध्ये राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्याला होतं, कारण आपण राष्ट्रकुलातले. वीस वर्षं तिथं राहिलेल्या फ्रेंच माणसाला नव्हतं.)

आणि दार अडलं होतं आयर्लंडमध्ये. दहिसर किंवा मुलुंडच्या जकात नाक्यावर ट्रकची रांग ज्यानं पाहिली आहे त्याला हे ब्रिटिश मंत्र्यांपेक्षा लवकर कळेल. कर आणि नियम वेगळे झाले की हद्दीवर नाका येतो. नाका बसवायच्या जागा दोन. एक, ब्रिटनमधलं उत्तर आयर्लंड आणि युरोपीय संघातला वेगळा देश आयर्लंड यांच्यामधली सुमारे ५०० किलोमीटरची सीमा. तिच्यावर दोनशेहून जास्त रस्ते आणि तिथला जुना रक्तपात थांबवणाऱ्या १९९८ च्या शांतता कराराची पुण्याई. तिथं नाका म्हणजे जुन्या जखमेवर खुर्ची टाकून बसणं. दुसरी जागा समुद्रात, म्हणजे आपल्याच देशाच्या दोन तुकड्यांमध्ये. ती डीयूपी या उत्तर आयर्लंडमधल्या ब्रिटननिष्ठ पक्षाच्या दहा खासदारांना नामंजूर, आणि सरकार त्यांच्याच टेकूवर उभं. दोन्हीकडे नाका नको असेल तर वेगळं व्हायचं नाही, युरोपच्याच करात आणि नियमांत राहायचं. मेबाईंचा करार तिन्ही डगरींवर पाय ठेवायला गेला.

लोकांचं काय? करार, मतदान, मुदतवाढ, पुन्हा करार. निघूच नका अशा ऑनलाइन अर्जावर साठ लाखांहून जास्त सह्या पडल्या. सरकारनं नाही म्हणून कळवलं. निघा म्हणणारे ‘एकदाचं उरका’ म्हणत होते. दोन्ही बाजू चिडलेल्या, आणि चिडण्याचं कारणही एकच. मुदत १२ एप्रिल झाली, मग ३१ ऑक्टोबर. त्या तारखेची पन्नास पेन्सची नाणी टांकसाळीत पाडायला घेतली, तारीख हुकली आणि सुमारे दहा लाख नाणी वितळवावी लागली. त्याआधी मेबाईंच्या जागी पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांनी कायद्यानं भाग पाडलं म्हणून मुदतवाढीचं पत्र युरोपला पाठवलं, पण त्यावर सही केली नाही. सोबत सही केलेलं दुसरं पत्र जोडलं, की मुदत वाढवू नये.

डिसेंबरच्या निवडणुकीत त्यांना ८० चं बहुमत मिळालं, डीयूपीचा टेकू लागेनासा झाला, आणि ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन निघालं. नाका समुद्रात बसला. पुढच्या वर्षी लंडन आणि ब्रुसेल्स (म्हणजे युरोपीय संघ) कडाकडा भांडले ते इंग्लंडचं थंड सॉसेज बेलफास्टच्या दुकानात जाऊ द्यायचं की नाही, यावरून.