पोपट पाळणाऱ्यांसाठी शास्त्रोक्त मार्गदर्शन

गॅलरीतल्या पिंजऱ्यावरून शेजारी कुजबुजू लागले असतील, तर डगमगू नका. वर्गीकरणशास्त्र शिका.

जगात पोपटांच्या सुमारे ४०० जाती आहेत. आपल्याला दोन पुरतात: 'आपला विठू' आणि 'लव्हबर्ड'. दुकानातले लव्हबर्ड बहुतेकदा ऑस्ट्रेलियाचे बजरीगर असतात, खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे. दुकानदाराला हे सांगू नका, भाव वाढवेल.

पाहुण्यांसमोर मात्र हात आखडू नका. गण सिट्टासिफॉर्मिस, शाखा तीन: न्यूझीलंडचे काकापो-केआ, मग काकाकुवा, मग उरलेले सगळे. ससाणा घारीपेक्षा पोपटाला जवळचा, हे जनुकांवरून कळलेलं नातं चहाबरोबर वाढा. पोपटाची दोन बोटं पुढे, दोन मागे. पाय साखळीत असेल तर दाखवायला सोपं जातं. आणि काकापोला उडताच येत नाही, हे ठासून सांगा. विठूच्या कातरलेल्या पंखांकडे मग कोण बघतंय!

राहता राहिला कायदा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी पोपट पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा. बजरीगर परदेशी म्हणून सुटला. वास्तविक बजरीगर आणि आपला कंठवाला पोपट एकाच कुलातले, सिट्टाक्युलिडी. एकाच घरातल्या एकाला पिंजरा आणि दुसऱ्याला मोकळं रान, हा पक्षपात नव्हे काय? असं विचारताना आवाज जरा भरून आलेला बरा.

तरीही वनखात्याची माणसं दारात आलीच, तर हुकमी पान टाका. स्कोपोली या निसर्गशास्त्रज्ञानं १७६९मध्ये आपल्या कंठवाल्या विठूला सिट्टॅकस क्रामेरी म्हटलं. पुढे त्याची प्रजाती, म्हणजे नावातला पहिला शब्द, सिट्टाक्युला झाली. २०१९च्या जनुकीय अभ्यासानंतर काही याद्यांत तो अलेक्झांड्रिनस आहे. (सिकंदराच्या नावानं ओळखला जाणारा मोठा पहाडी पोपट त्या प्रजातीत नाहीच, तो पॅलिऑर्निस. शास्त्रज्ञांनाही गंमत करावीशी वाटते.) तेव्हा छातीठोकपणे सांगा, "साहेब, तुमच्या कायद्यातला पोपट वेगळा. आमच्या विठूची प्रजातीच बदललीय."

साहेब शांतपणे ऐकून घेतील आणि पंचनाम्यात लिहितील: 'पोपट, जिवंत, नग एक'. पिंजराही मुद्देमालात जाईल, तेव्हा आधी घासून ठेवा.