दहाला नाही, सहाला निघा

रविवारी जोडीनं स्कूटरवरून सिंहगड, हा एका लेखातला सल्ला उत्तम. पण त्यात दिलेली सकाळी दहाला निघण्याची वेळ मात्र फसवी. तोवर खडकवासल्याच्या चौपाटीपाशी कोंडी सुरू होते आणि वरचं पार्किंग भरलं की गाड्या घाटाखालीच थांबवतात. सहाला निघा. पुणे शहरापासून साधारण ३० किलोमीटरच आहे.

खरी गोची उतरताना. गिअर नसलेल्या स्कूटरवर दोघं बसलेले, ब्रेक सतत दाबलेला. चाकातला ब्रेकचा ड्रम तापतो आणि काही वळणांनंतर ब्रेक लागेनासा होऊ शकतो. इंजिन बंद करून पेट्रोल वाचवायला जाऊ नये (पुणेकरांना हे सांगावं लागतं!). अॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की कमी वेगात क्लच सुटतो, म्हणजे इंजिन आणि चाकाचा सांधा तुटतो, आणि गाडी मोकळी धावते. मधूनमधून किंचित पीळ दिला की इंजिन तिला धरून ठेवतं. ब्रेक वळणाआधी, दोन्ही मिळून, दाबून सोडायचे. जळका वास आला तर पंधरा मिनिटं थांबा, ड्रमवर पाणी ओतू नका. निघण्यापूर्वी मागच्या चाकात दोघांच्या वजनाची हवा भरा. आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो.

चालत जायचं तर पायथ्याच्या आतकरवाडीतून तास-दीड तास. पिठलं-भाकरी एकच ताट सांगा, मग मडक्यातलं दही. भजी वेगळी.