‘अडाणी बाया’ आणि वीस सेकंदांचा दम

डाव्या स्तनाच्या कर्करोगावर रेडिएशन देताना खोल श्वास रोखायला लावून हृदय कसं वाचवतात, या माझ्या लेखावर आपण लिहिलंत: “अर्धवट माहितीनं बायकांना घाबरवू नका. श्वास रोखणं हे मोठ्या शहरांचे चोचले, खेड्यातल्या अडाणी बायांना ते झेपत नाही. त्यापेक्षा शिशाचं एप्रन मागा म्हणावं. आणि कोबाल्ट मशीनवर जाणाऱ्यांनी काय करायचं?”

लेख लांबला, हे मान्य. पण ‘अडाणी बाया’? भाऊ, लिहिताना हात जरा तरी अडखळला का?

माझी मोठीआई वर्धा जिल्ह्यातली. अंगठेबहाद्दर, जन्म कापूस वेचण्यात गेला. नागपुरात रेडिएशन कुठून-कसं द्यायचं हे आखायच्या सीटी स्कॅनला श्वास मोजणारी नळी तोंडात दिली, नाकाला चिमटा लावला, तेव्हा तिनं विचारलं, “दम रोखाचा तं रोखतो, पण नाक कायले चिमटवता?” नाकातून हवा निसटू नये म्हणून, एवढं सांगितल्यावर पठ्ठीनं वीस सेकंद दम धरला. पडद्यावरची श्वासाची रेघ हलली नाही. तिच्या आधीच्या बाई शाळेत शिकवायच्या, त्यांना दोनदा खोकला आला. आता बोला.

आणि हे चोचले नाहीत. खोल श्वासानं फुफ्फुस फुगतं, हृदय छातीच्या भिंतीपासून मागे-खाली सरकतं आणि किरणांच्या तिरप्या झोताच्या वाटेतून बाहेर जातं. स्वीडन-डेन्मार्कच्या रुग्ण स्त्रियांवरचा अभ्यास २०१३ मध्ये आला: हृदयाला मिळालेल्या सरासरी दर एक ग्रेमागे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं एकक) मोठ्या हृदयविकाराचा धोका मूळच्या तुलनेत ७.४ टक्क्यांनी वाढतो, आणि ‘इथपर्यंत चालतं’ अशी रेषा सापडली नाही. म्हणून उपचारच टाळा, असं मी कुठंही लिहिलेलं नाही. लेख पुरता वाचला असता तर दिसलं असतं.

एप्रनचं म्हणाल तर ते एक्सरेच्या खोलीतलं. इथे किरण सहा मेगाव्होल्टचे, म्हणजे एक्सरेपेक्षा कितीतरी जोरदार, अर्ध्या मिलिमीटर शिशाला ते जुमानत नाहीत. शिवाय दुसऱ्या स्तनाकडे जाणारे काही किरण शरीराच्या आतच विखुरतात, त्यांना वरून काय पांघरणार? ते कमी होतात झोताचा कोन नीट निवडल्यानं आणि आतल्या बाजूच्या झोतात डोस सारखा करायची धातूची पाचर न घातल्यानं. हे काम रेडिएशनची आखणी करणाऱ्या फिजिसिस्टचं, शिंप्याचं नव्हे.

कोबाल्टच्या जुन्या धर्तीच्या रेडिएशन मशीनचा विषय वेगळा, त्यात आता शिरत नाही. आणि पुढच्या वेळी टोपणनावाआडून नको, खऱ्या नावानं लिहा.