सांदणला निघालात? आधी दोर मोजा

गेल्या शनिवारी सांदणला, म्हणजे भंडारदऱ्याजवळच्या त्या अरुंद दरीत, जाऊन आलो. फोटो नंतर टाकतो, आधी जरा चिडचिड ऐका.

साम्रद गावातून सकाळी सात वाजता दरीत उतरलो. पहिला डोह गुडघ्याएवढा. दुसऱ्यात पाणी कंबरेच्या वर. बाहेर मार्चचं ऊन, आणि पाणी असलं गार की तोंडातलं वाक्य अर्ध्यावर राहतं. बॅग डोक्यावर, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत. पुढे काळा कातळ इतका जवळ येतो की हात पसरले तर दोन्ही भिंती लागतात. ज्वालामुखीच्या थरांचा हा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. मी तिथे नुसता हात ठेवून उभा राहिलो असतो, पण मागून आवाज आला, "दादा, चला ना पुढे."

पुढे म्हणजे कुठे? पहिल्या रॅपलिंगच्या (दोराने कातळ उतरायच्या) टप्प्यावर एका ग्रुपची साठेक माणसं दगडांवर बसलेली. दोर एक. आम्ही दोन तास तिथेच. एकाने आमच्या वाटाड्या मामांना विचारलं, "अजून किती वेळ?" मामा म्हणाले, "घाई असंल तर मागं फिरा."

मला यात नुसता वैताग दिसत नाही. पठारावरचं पाणी या भेगेत शिरतं, आणि शिरलं की भिंत चढून सुटायला वाट नाही. म्हणून पावसाळ्यात इथे उतरायचंच नाही. पण अवकाळीचं काय? आभाळ भरून आलं, तर साठ माणसं त्या डोहातून किती वेळात माघारी फिरणार? शिवाय हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, वॉटरपार्क नाही. भिंतींमध्ये स्पीकर लावला की दरीभर तेच गाणं. (हो, होता. आणि गाणंही भिकार होतं.)

"पूर्ण सांदण केलं" म्हणायला कोकणात डेहण्यापर्यंत उतरायलाच हवं, हे डोक्यातून काढा. आम्ही मागे फिरलो. परतताना डोहात आम्ही चौघंच, आणि तेव्हा कुठे कातळातून ठिबकणारं पाणी ऐकू आलं. दुपारी साम्रदमध्ये मामांच्या घरी नाचणीची भाकरी आणि ठेचा.

ग्रुपला पैसे भरण्याआधी दोनच गोष्टी विचारा: माणसं किती, दोर किती? उत्तराऐवजी डिस्काउंट मिळाला, तर सरळ रतनवाडीला जा आणि अमृतेश्वराचं मंदिर निवांत बघा.